झोपेच्या सीटवर टाकलेला रुमाल

वीस रुपयांना मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर, घटकांच्या यादीजवळ, बारीक अक्षरांत एक सूचना असते. लहान मुलं, गर्भवती स्त्रिया, स्तनदा माता आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी या पेयाची शिफारस नाही, असा तिचा मजकूर. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ती छापावीच लागते. बहुतेकदा ती इंग्रजीत असते आणि बाटली हातात घेणारा अनेकदा नववी-दहावीतला असतो. टपरीवाला वय विचारत नाही. विचारायला त्याला कोणी सांगितलेलंही नाही.

जुलै २०२४ मध्ये हा विषय विधान परिषदेत निघाला. शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीन असलेली पेयं विकण्यावर बंदी आणू, असं तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितलं. चांगलंच आहे. पण मुलांच्या पोटात जाणारं सगळं कॅफीन काही शाळेच्या फाटकाबाहेर विकलं जात नाही. त्यातलं बरंचसं आपल्याच ओट्यावर, आल्याचा तुकडा ठेचून, उकळत असतं.

हिशेब मांडून बघू. ‘कॅफीनयुक्त पेय’ म्हणून जे विकायचं, त्यात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असावं, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. आता चहा. चहाच्या भुकटीत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. चमचाभर भुकटी दोन ग्रॅमची धरली, तर ४० ते ८० मिलिग्रॅम. शिवाय आपण चहा बुडवत नाही, खळखळून उकळतो, त्यामुळे त्यातलं बहुतेक कॅफीन कपात उतरतं. दूध जास्त घातलं की चहा ‘मुलांपुरता’ होतो, ही समजूत घरोघरी आहे. दुधाने चव सौम्य होते, कॅफीन होतं तेवढंच राहतं. इन्स्टंट कॉफीच्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, ते कोणी धरत नाही.

मुलांना किती चालतं? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये जी मर्यादा मांडली ती अशी: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम. कॅनडाचं सरकार अडीचवरच थांबतं. पन्नास किलोच्या मुलाला युरोपच्या मापाने १५० मिलिग्रॅम मिळतात. सकाळी चहा-चपाती, ४०. क्लासवरून आल्यावर चहा-खारी, ४०. संध्याकाळी मित्रांबरोबर एक बाटली, ७५. इथेच १५५ झाले. रात्री अभ्यासाला बसताना एक कॉफी धरली तर २१५. आणि घरी विचारलं तर उत्तर येतं, “तो कुठे काय पितो, दोन वेळा चहा तेवढा घेतो.”

‘चहा प्यायलास तर काळा होशील’ असा धाक आपल्याकडे मुलांना घालत. कारण खोटं होतं आणि गोऱ्या-काळ्याचा तो विखार गेला ते बरंच झालं. पण त्या धाकाने दहा-बारा वर्षांपर्यंत मूल दुधावर राहायचं, हेही खरं. धाक गेला आणि त्याच्या जागी खरं कारण सांगायचं मात्र राहून गेलं.

ते खरं कारण मेंदूतल्या ॲडिनोसिन नावाच्या रेणूशी जोडलेलं आहे. आपण जागे असतो तेव्हा पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून ॲडिनोसिन साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक ग्राहींवर जाऊन बसतं आणि मेंदूचं काम हळूहळू मंद करतं. यालाच आपण झोप येणं म्हणतो. कॅफीनच्या रेणूचा आकार ॲडिनोसिनशी मिळताजुळता. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा गडी सगळ्यांनी पाहिलेला आहे; कॅफीन नेमकं तेच करतं. सीट अडते, पण बसणारा कोणी नसतो. ॲडिनोसिन मधल्या वाटेत उभं राहतं, मागून आणखी येत राहतं, गर्दी वाढत जाते. काही तासांनी रुमाल निघाला की सगळे एकदम बसतात. एनर्जी ड्रिंक घेतल्यावर तीन-चार तासांनी अंगातलं बळच गेल्यासारखं वाटतं, त्यातला मोठा भाग हा असतो. बाटलीत साखर असेल तर तिचा चढउतार वेगळा.

म्हणजे नावात एनर्जी असली तरी कॅफीन शरीराला ऊर्जा देत नाही. ते थकव्याची खबर अडवून ठेवतं, थकवा जिथल्या तिथे असतो. शिवाय रोज रुमाल पडू लागला की मेंदू सीटा वाढवतो, म्हणजे ग्राहींची संख्या वाढते. मग एका कपाने जे व्हायचं त्याला दोन लागतात.

कॅफीन शरीरातून जातं कधी? प्रौढ माणसात निम्मं कॅफीन निघून जायला सरासरी पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला आठ. यकृतातलं एक विकर हे काम करतं आणि ते किती चपळ असावं हे बरंचसं जन्मजात ठरलेलं असतं. रात्री दहाला शंभर मिलिग्रॅमची कडक कॉफी घेतली, तर पहाटे तीनला पन्नास आणि सकाळी आठला पंचवीस उरलेलं. मुलगी दोनला पुस्तक मिटून आडवी होते, तेव्हा निम्म्याहून जास्त कॉफी तिच्या रक्तात जागी असते.

“मला काही होत नाही, कॉफी पिऊनसुद्धा मी पडल्या पडल्या झोपतो,” असं सांगणारे पुष्कळ. डेट्रॉइटमधल्या झोपेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये केलेला एक छोटा प्रयोग अशांनी जरूर ऐकावा. प्रौढांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं. मात्रा मोठी होती, हे खरं. यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या नोंदींत मात्र ही घट नीटशी उमटलीच नव्हती. झोप गेली आणि ज्याची गेली त्याला पत्ता नाही. त्यातही गाढ झोपेचा वाटा आधी कमी होतो, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसवण्याचं काम बरंचसं याच झोपेत चालतं. कॅफीनच्या जोरावर वाढवलेले अभ्यासाचे दोन तास अशा रीतीने आधीच्या सहा तासांच्या अभ्यासातून वळते होतात.

किशोरवयात ही गोष्ट जास्त महाग पडते. वयात येताना मेंदूतलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं आणि झोपेचा दाबही सावकाश वाढतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी या विषयावर आयुष्य घालवलं. सोळा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही, यात त्याचा आळस किंवा आगाऊपणा नसतो; मोबाइलमुळे त्यात भर पडते एवढंच. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आता आपली व्यवस्था पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. निर्णय चांगला. पण शरीरानेच उशिरा झोपणारी मुलं आहेत ती आठवी ते बारावीची, आणि सकाळी सातचं ज्युनिअर कॉलेज त्यांच्याच वाट्याला. रात्री बाराला झोप येते, साडेपाचला गजर होतो. मधली तूट भरून काढायला मग चहा, कॉफी, बाटली. त्यांनी पुढची रात्र आणखी लांबते.

लातूरच्या ट्यूशन एरियात हे चक्र रोज फिरताना दिसतं. बीड, परभणी, नांदेडच्या गावांतून आलेली पोरं खोली घेऊन राहतात, मेसचा डबा खातात आणि नीटची तयारी करतात. घरापासून लांब, एका परीक्षेवर घरादाराची नजर, आणि ‘समोरच्या खोलीतला तीनपर्यंत वाचतो’ हा टोचरा आवाज. तिथे चहाची टपरी ही करमणुकीची एकमेव स्वस्त जागा. पोरं तिथे जातात ती केवळ कॅफीनसाठी नव्हे, पाच मिनिटं माणसांत उभं राहायला जातात. ‘चहा बंद कर’ असा सल्ला फोनवरून देणाऱ्या घरच्यांनी हे लक्षात घेतलेलं बरं. नीटचा पेपर मात्र दुपारी दोनला असतो आणि पहाटे तीनला तल्लख राहायची सवय लावलेला मेंदू तेव्हा काय करेल, याचा विचार फार थोडे करतात.

आता मनाकडे वळू. भीती वाटते तेव्हा छातीत धडधडतं, तळहात घामेजतात, हात कापतात, पोटात ढवळतं, लघवीला पुन्हा पुन्हा जावं लागतं. मात्रा वाढली की कॅफीनही नेमकी हीच लक्षणं देऊ शकतं, कारण ॲड्रेनलिनचा जोर त्यानेही वाढतो. मन शरीराकडे पाहून अर्थ लावतं. छाती धडधडतेय म्हणजे काहीतरी वाईट होणार, मी नापास होणार, मला काहीतरी झालंय. प्रौढाला निदान आठवतं की आज तिसरी कॉफी झाली. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःची घबराट आणि रक्तातलं कॅफीन यांतला फरक कोणी शिकवलेला नसतो. सराव परीक्षेच्या सकाळी ती दोन कप कडक चहा घेते, वर्गात हात कापू लागतात, आणि पुढच्या परीक्षेआधी ती आठवणच तिला घाबरवायला पुरते.

ज्यांना मुळात पॅनिक अटॅकचा त्रास आहे, त्यांच्यावरचे प्रयोग बोलके आहेत. अशा रुग्णांना एका वेळी ४०० मिलिग्रॅमच्या पुढची मात्रा दिली, तेव्हा सुमारे निम्म्यांना झटका आला. कॅफीनच्या नावाखाली साधं पेय दिलेल्या रुग्णांपैकी एकालाही आला नाही. निरोगी माणसांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत होतं. हे सगळे प्रौढ होते आणि मात्रा जबर होती, म्हणून यावरून थेट शाळकरी मुलांवर उडी मारू नये. पण कॅफीन सगळ्यांना सारखं लागत नाही, आणि ज्याच्या घराण्यात किंवा स्वभावात चिंता आहे त्याला जास्त लागतं, एवढं यातून दिसतं. ॲडिनोसिनच्या एका ग्राहीच्या जनुकातल्या छोट्या फरकाशीही या घबराटीचा संबंध सापडला आहे. एकाच टपरीवर, एकाच किटलीतला चहा प्यायलेल्या दोन मित्रांपैकी एक निवांत घोरतो आणि दुसरा छतातला पंखा मोजत राहतो, तो असा.

मुलांवर असे प्रयोग करणं नैतिकदृष्ट्या अवघड, त्यामुळे थेट पुरावा थोडा आहे. अमेरिकेत बफेलो इथल्या जेनिफर टेंपल यांनी मुलांना अगदी मोजून लहान मात्रा दिल्या. रक्तदाब थोडा वाढला, नाडी मात्र उलट किंचित मंदावली. वयात येण्याआधी मुलगे आणि मुलींमध्ये फरक नव्हता, नंतर मात्र मुलग्यांवर परिणाम जास्त दिसला. लहान मात्रा आणि मोठी मात्रा ही वेगळी प्रकरणं आहेत, हे यातून उमगतं. झ्युरिकमध्ये किशोरवयीन उंदरांना कॅफीन दिलं, तर त्यांच्या गाढ झोपेत वयानुसार होणारे बदल लांबले आणि नव्या जागी जायला ते बिचकू लागले. उंदीर म्हणजे मूल नव्हे. तरी या वयात मेंदू नको असलेली जोडणी छाटून हवी ती पक्की करत असतो आणि गाढ झोप त्या कामाशी निगडित आहे, म्हणून हा निष्कर्ष बाजूला टाकण्यासारखा वाटत नाही.

खिन्नतेचं काय? २०२४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी एनर्जी ड्रिंकवरच्या ५७ अभ्यासांचा आढावा घेतला. वीसहून जास्त देशांतली बारा लाखांवर मुलं आणि तरुण त्यांत होते. ही पेयं घेणाऱ्यांत चिंता, नैराश्य, एडीएचडीची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. आकडा ऐकून दचकायला होतं, आणि बातम्यांचे मथळे तिथेच थांबतात. पण यांतले बहुतेक अभ्यास एका वेळी प्रश्नावली भरून घेतलेले असतात. जी मुलं ही पेयं जास्त घेतात त्यांच्यात सिगारेट, दारू, कमी झोप, घरची ओढाताण हेही जास्त असतं. आणि बाण उलटाही असू शकतो. जे मूल आधीच खचलेलं आहे, रात्रभर जागं आहे, सकाळी उठवत नाही, तेच बाटलीकडे वळतं. प्रौढांत तर रोज कॉफी पिणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी दिसल्याचे मोठे अभ्यास आहेत. माझं मत असं की बाटलीने नैराश्य येतं असं म्हणणं पुराव्यापलीकडचं आहे, आणि बाटली निरुपद्रवी आहे असं म्हणणंही तितकंच. झोप मोडणारी कोणतीही गोष्ट खचलेल्या मनाला आणखी खाली ओढते, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

मुलांच्या पोटात कॅफीन जावं का, हा वाद नवा नाही. १९११ मध्ये अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात कोका-कोलावर खटला चालला. हार्वी वायली या सरकारी रसायनशास्त्रज्ञाची तक्रार अशी होती की चहा-कॉफीत काय आहे हे आईबापांना माहीत असतं, या गोड थंड पेयातून कॅफीन मुलांच्या पोटात नकळत जातं. कंपनीने मानसशास्त्रज्ञ हॅरी हॉलिंगवर्थ यांच्याकडून प्रयोग करून घेतले. प्रयोग काटेकोर होते आणि निष्कर्ष कंपनीला सोयीचे, पण प्रयोगातली माणसं प्रौढ होती. मुलांबद्दलचा मूळ प्रश्न तिथेच राहिला. वायलींचा मुद्दा मला आजही पटतो. गरम चहा फुंकून, घोट घोट घ्यावा लागतो आणि कडवटपणामुळे हात आखडतो. थंड, गोड पेय मूल दोन मिनिटांत घटाघटा संपवतं.

काही देशांनी सरळ वयाची अट घातली. लिथुआनियाने २०१४ मध्ये, पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना एनर्जी ड्रिंक विकायला बंदी केली. मीटर मोजण्यापेक्षा वय मोजणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ५०० मीटरची रेघ घरपोच सामान आणणाऱ्या ॲपला लागू होत नाही.

सवय किती झाली आहे हे ओळखायचं तर एक दिवस कॅफीन न घेता काढावा. बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही, उदास वाटतं. दुसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. मेंदूतल्या, कॅफीनने आकसलेल्या रक्तवाहिन्या ते थांबल्यावर सैलावतात, त्याची ती डोकेदुखी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये कॅफीन सुटल्याने होणाऱ्या या त्रासाला निदान म्हणून जागा दिली. आपल्या लक्षात हे सहसा येत नाही, कारण आपल्या उपवासाला चहा चालतो. साबुदाणा, शेंगदाणे आणि चहा, असा आपला उपवास. हरतालिकेचा निर्जळी उपवास करणाऱ्या बायकांचं डोकं संध्याकाळी का दुखतं, याचं उत्तर भुकेइतकंच सकाळच्या हुकलेल्या चहातही असू शकतं. मुलांच्या बाबतीत ही चिडचिड ‘वयाचा परिणाम’ म्हणून खपून जाते.

म्हणून एकदम बंद करणं चुकीचं, आणि परीक्षेच्या तोंडावर तर अजिबात नको. आधी आठवडाभर फक्त लिहून काढावं: काय, किती, किती वाजता. मग संध्याकाळचं आणि रात्रीचं कॅफीन काढावं, कारण झोपेचं नुकसान तिथे होतं. दुपारी दोन-तीननंतर काही नको, ही एक रेघ पाळली तरी पुष्कळ काम होतं. उरलेलं दर तीन-चार दिवसांनी पाव कपाने कमी करत जावं. सकाळचा एक कप बहुतेक मुलांना बाधत नाही आणि त्यावरून घरात भांडण पेटवण्यात अर्थ नाही. मुलाला जागं ठेवण्यासाठी रात्री अकराला स्वतः कॉफी करून नेणाऱ्या आयांची संख्या कमी नाही. बदल तिथूनही सुरू करता येतो.

घबराट, उदासी, झोप न लागणं महिनाभर टिकलं किंवा मूल जगण्याला कंटाळल्याचं बोलू लागलं, तर कॅफीनचा हिशेब करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. डॉक्टरांना चहा-कॉफी-बाटलीचा आकडा आपण होऊन सांगावा, कारण काही औषधांशी त्याची गाठ असते. ओसीडीसाठी दिलं जाणारं फ्लुव्होक्सामिन कॅफीन पचवणाऱ्या त्याच विकराला अडवतं, त्यामुळे नेहमीचा एक कप दिवसभर अंगात रेंगाळतो. एडीएचडीचं मिथाइलफेनिडेट स्वतःच उत्तेजक आहे, त्यात कॅफीनची भर पडते. लिथियम घेणाऱ्याने अचानक कॉफी सोडली, तर लघवीवाटे बाहेर जाणारं लिथियम कमी होऊन रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. त्यामुळे त्याने कमी करायचं असेल तेव्हाही ते डॉक्टरांना विचारून, रक्ततपासणीची तारीख ठरवून करावं.